‘ते’ साहेब, ‘तो’ आदिवासी?

डहाणू-जव्हारचा वीकेण्ड प्लॅन करताय? सॅक भरताना आपले शब्दही एकदा तपासून घ्या!

पहिला पाऊस पडला रे पडला, की ऑफिसच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येऊन धडकतो. ‘शहराच्या गोंगाटापासून दूर, भोळ्याभाबड्या आदिवासींच्या सान्निध्यात दोन दिवस! पारंपरिक नृत्य, चुलीवरचं जेवण, वारली पेंटिंग वर्कशॉप. नाश्ता पॅकेजमध्येच!’ सोबत धबधब्याचा फोटो आणि कोपऱ्यात तारपा वाजवणारे एक आजोबा. धबधब्याचं नाव दिलेलं असतं. रिसॉर्टचं तर असतंच असतं. आजोबांचं नाव मात्र शोधून सापडत नाही.

ट्रॅव्हलची पानं लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे असा मजकूर रोजच नजरेखालून जातो. मास कॉमच्या वर्गात आम्हाला कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सहा प्रश्न घोकून घेऊन शिकवले होते. पण ज्यांच्या गावात आपण उतरतो, त्यांना काय म्हणायचं, यावर एकही लेक्चर झालं नाही. म्हणून डहाणू ते जव्हार हा पट्टा करायचं ठरलं, तेव्हा डायरीच्या मागच्या पानावर एक वेगळी यादी सुरू केली. वाटेत इथल्या माणसांसाठी जे जे शब्द कानावर पडतील, बोर्डावर दिसतील, पेपरात वाचायला मिळतील, ते सगळे तिथे टिपायचे. दोन दिवसांत ते पान भरलं. त्या पानासकट ही भटकंती!

डहाणू : सगळे एकच?

पश्चिम रेल्वेची लोकल २०१३ पासून थेट डहाणू रोडपर्यंत जाते. म्हणजे मुंबईचा तोच डबा, तीच खिडकी. फक्त विरार मागे पडलं की बाहेरचा रंग बदलतो. खाजण, मिठागरं, मग ताडाची झाडं. डहाणूला उतरल्यावर चिकूच्या वाड्या, समुद्र आणि इराणी मंडळींची जुनी घरं, असा टिपिकल प्रोग्राम. इथल्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं आणि त्याचं नाव पडलं ‘डहाणू घोलवड चिकू’. बघा, फळाचंसुद्धा नाव आपण गावासकट घेतो!

माणसांचं काय? १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला हा पालघर जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथले सुमारे ३७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पण ‘आदिवासी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात इथे वारली आहेत, कोकणा आहेत, मल्हार कोळी, महादेव कोळी, कातकरी, म ठाकूर, क ठाकूर, धोडिया, दुबळा... प्रत्येकाची बोली वेगळी, लग्नाच्या रीती वेगळ्या. सगळ्यांना सरसकट ‘आदिवासी’ म्हणणं म्हणजे कोल्हापूर, मालवण आणि नागपूरच्या रश्श्याला एकच ‘महाराष्ट्रीयन करी’ म्हणण्यासारखं. कोल्हापूरकर ऐकून घेतील?

तेव्हा फंडा नंबर एक अगदी सिंपल आहे. जमातीचं नाव विचारा आणि तेच लिहा. तारपा वाजवणारे आजोबा वारली असतील तर वारली. ‘आदिवासी’ हा शब्द सगळ्यांचा मिळून विषय असेल तेव्हा. जमिनीचा, हक्काचा, राजकारणाचा.

पण सिंपल म्हटलं की लगेच अपवाद येतो! सरकारी यादीत एका जमातीचं नाव ‘दुबळा’ आहे. नावातच दुबळेपणा. सावकार-जमीनदारांकडे पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्या या समाजासाठी गुजरातमध्ये गांधीवादी चळवळीच्या काळात ‘हळपती’ हे नाव रूढ झालं. हळ म्हणजे नांगर. म्हणजे नांगराचा धनी. यादीत आज दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत. दाखल्यावर जे असेल ते असेल. पण गप्पा मारताना आणि लिहिताना कुठलं नाव घ्यायचं, हे ज्याचं नाव आहे त्यालाच विचारलेलं बरं, नाही का?

एका शब्दाची जन्मकथा

डहाणूहून आत, गंजाडच्या दिशेने जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. शेजारी कॉलेजला जाणारी एक मुलगी बसली होती. यादीचं पान बघून तिने विचारलं, ‘‘यातला बरोबर शब्द कुठला?’’ प्रश्न सोपा, उत्तर लांबलचक. कारण ‘आदिवासी’ हा शब्द आपल्याला वाटतो तितका आदिकालापासूनचा नाही. राजकारणात तो खऱ्या अर्थाने गाजला १९३० च्या दशकात. १९३८ मध्ये छोटानागपूरकडे ‘आदिवासी महासभा’ उभी राहिली आणि लोकांनी स्वतःहून तो आपल्या नावापुढे लावला.

पुढे संविधान सभेत यावर खडाजंगी झाली. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कप्तान जयपाल सिंग मुंडा तिथे सदस्य होते. भाषांतरात आलेला ‘बनजाति’ हा शब्द त्यांना अपमानास्पद वाटत होता. त्यात रानटीपणाचा वास येतो, ‘आदिवासी’ या शब्दात मात्र आब आहे, असं त्यांचं म्हणणं. डॉ. आंबेडकरांचा मुद्दा कायद्याचा होता. आदिवासी हा ढोबळ शब्द आहे, त्याला कायद्याने ठरलेला अर्थ नाही. ‘अनुसूचित जमाती’ म्हटलं की यादी समोर येते आणि कुणाला हक्क मिळणार हे नक्की होतं. शेवटी घटनेत अनुसूचित जमातीच आल्या. पण लोकांच्या तोंडी आदिवासीच राहिला. महाराष्ट्र सरकारच्या खात्याचं नावही ‘आदिवासी विकास विभाग’ असंच आहे.

आणि ‘वनवासी’? १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू झाला, तेव्हापासून हा शब्द जास्त ऐकू येऊ लागला. तो वापरणाऱ्यांचं म्हणणं असं की या देशात सगळेच मूळचे, मग एकालाच ‘आदि’ का म्हणायचं? त्याला विरोध करणारे आदिवासी कार्यकर्ते म्हणतात, ‘आदिवासी’ म्हणजे इथे आधीपासून असल्याचा दावा आणि ‘वनवासी’ म्हणजे नुसता पत्ता. शिवाय तो पत्ताही बऱ्याचदा चुकीचा! माझ्या शेजारी बसलेली मुलगी कोकणा. बीएस्सी करते, पालघरला होस्टेलवर राहते. ‘‘मी कुठल्या वनात राहते?’’ एवढंच म्हणाली आणि हेडफोन लावले.

जुन्या सरकारी कागदांत आणखी एक विशेषण सापडतं, ‘आदिम’. काही जमातींना केंद्र सरकार ‘प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप’ म्हणायचं. २००६ मध्ये ते ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ असं झालं. महाराष्ट्रात त्यात तीन जमाती येतात : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. फरक बारीक वाटेल, पण फार मोठा आहे. ‘आदिम’ म्हटलं की दोष माणसात, म्हणजे तो मागे राहिला. ‘असुरक्षित’ म्हटलं की प्रश्न उलटा फिरतो. असुरक्षित कुणामुळे?

हे फक्त आपल्याकडेच नाही बरं का. आपण मराठीत अजूनही बिनधास्त ‘रेड इंडियन’ आणि ‘एस्किमो’ लिहितो. तिकडे कॅनडात ‘इन्युइट’ हा त्यांचा स्वतःचा शब्द कधीच रुळलाय, आणि त्याचा अर्थ नुसता ‘माणसं’. अमेरिकेतले नाव्हाहो स्वतःला ‘दिने’ म्हणतात. टोरोंटो नाहीतर अॅरिझोनामधल्या टीमबरोबर व्हिडिओ कॉल करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

गंजाड : ‘या’मधला मान

गंजाड हे नाव कलेच्या जगात पोचवलं जिव्या सोमा म्हसे यांनी. वारली घरात लग्नाचा चौक काढायच्या त्या बायका, त्यातही सवाशिणी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी, मधोमध पालघट देवी. म्हसे यांनी ते चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणलं. लग्नापलीकडे जाऊन शेत, मासेमारी, मुंग्यांचं वारूळ, सगळं त्यात आणलं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय मिळालं. आज तुमच्या कुर्त्यावर, कॉफी मगवर आणि ऑफिसच्या लॉबीत जी काठीसारख्या हातापायांची माणसं नाचतात, त्यांचा हा मूळ पत्ता.

आता एक गंमत. ‘जिव्या’ हे नाव शहरी कानाला कसं ऐकू येतं? आपल्याकडे लक्ष्मणचा ‘लक्ष्या’ होतो तो लाडाने नाहीतर तुच्छतेने. म्हणून काही लोकांना वाटतं की हे टोपणनाव असणार. आणि मग ‘जिव्याने चित्रं काढली’ असं वाक्य सहज लिहून जातात. पण इथे जिव्या, जेठ्या ही पाटीवरची, शाळेच्या दाखल्यावरची, पद्म पुरस्काराच्या यादीतली पूर्ण नावं आहेत. त्यांना ‘सुधारून’ जीवनराव करायची गरज नाही आणि त्यांच्यावरून सलगी करायचीही नाही. ‘म्हसे यांनी’ म्हटलं की झालं. हुसेन यांना आपण ‘हुसेन यांनी’ म्हणतोच ना?

इथेच डायरीतली यादी मला भलतीकडे घेऊन गेली. शब्द शोधायला निघाले होते आणि सापडलं व्याकरण! दोन दिवसांत वाचलेल्या बातम्या, ब्रोशर, माहितीफलक पुन्हा चाळले. त्यांत जिल्हाधिकारी ‘म्हणाले’, आमदार ‘आल्या’, डॉक्टर ‘पोचले’. आणि वारली शेतकरी? तो ‘म्हणाला’. कातकरी बाई ‘रडली’. म्हातारी ‘हसली’. एकाच बातमीत, एकाच परिच्छेदात! सगळ्यात अचूक, सगळ्यात आधुनिक नाम वापरा. क्रियापदाने तुमची ओळख उघडी पाडलीच म्हणून समजा. इंग्रजीत ही पंचाईत नाही, तिथे सगळ्यांना एकच ‘ही’ आणि ‘शी’. मराठीत मात्र दर वाक्याला ठरवावं लागतं की समोरच्याला ‘तो’ म्हणायचं की ‘ते’. आणि हे ठरवताना आपण कुठल्या शब्दकोशात बघत नाही. समोरच्याच्या कपड्यांकडे बघतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इथल्या कित्येक घरांत मोठ्यांनाही ‘तू’ म्हणतात. गंजाडजवळच्या एका पाड्यावर चित्रकार असलेल्या आजींनी मला पहिल्याच वाक्यात विचारलं, ‘‘तू कुठशी आलीस?’’ छान वाटलं. पण म्हणून मीही त्यांना ‘तू’ म्हणायचं का? त्यांचं ‘तू’ हे घरातलं होतं, सगळ्यांसाठी सारखं. शहरातून आलेलं ‘तू’ फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. तेच आपण डहाणूच्या बँक मॅनेजरला म्हणत नाही. मी ‘तुम्ही’ म्हणत राहिले, त्या ‘तू’ म्हणत राहिल्या. चहा दोघींनी घेतला.

निघताना आजींनी आणखी एक शब्द दिला. मी विचारलं होतं, लग्नाचा चौक काढायला किती वेळ लागतो? त्या म्हणाल्या, ‘‘चौक लिहायला रात जाते.’’ काढायला नाही, लिहायला. यादीतला पहिला असा शब्द, जो त्यांनी स्वतःसाठी वापरला होता.

तलवाडा : लग्नगडी म्हणजे काय?

विक्रमगडच्या वाटेवर तलवाडा लागतं. ट्रॅव्हल गाइडमध्ये या गावाला जागा नाही. धबधबा नाही, पॉइंट नाही. पण थांबा. स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी या भागात जमीनदार आणि सावकारांची वेठ चालायची. लग्नासाठी कर्ज काढलं की ते फिटेपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा जन्मभर, नवरा-बायको दोघांनी धन्याच्या घरी राबायचं. अशा माणसाला म्हणायचे ‘लग्नगडी’. काय गोड शब्द आहे! कानाला लग्नाच्या वरातीतला सवंगडी वाटावा, आणि अर्थ गुलाम.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात झरी गावात वारल्यांची. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. वेठ द्यायची नाही, असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. त्यांतले एक जेठ्या गांगड. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी इथे लोक जमतात. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला; त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आता पुस्तकाच्या शीर्षकाकडे नीट बघा. ‘आदिवासी’ जागा होतो, असं नाही. ‘वारली’ही नाही. माणूस!

याच दिवसांचा उल्लेख कुणी ‘दंगा’ करतं, कुणी ‘बंड’, कुणी ‘लढा’. तीनही शब्द मराठीच. पण ‘दंगा’ म्हटलं की गोळी चालवणाऱ्याची बाजू आपोआप बरोबर ठरते. शब्द निवडला, की निकाल लागलाच.

आणि निकाल कागदावरही लागतो. १८७१ मध्ये इंग्रजांनी ‘क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट’ आणला आणि समाजचे समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पारध्यांवर हा शिक्का बसला. त्यांतले फासेपारधी आपल्याकडे अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का राहिला. इतका, की तुरुंगांच्या नियमपुस्तकांत तो २०२४ पर्यंत होता! मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदावर आधी बातम्या केल्या, मग सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल आला : जातीवरून कैद्यांची कामं वाटणारे नियम आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेख, दोन्ही घटनाबाह्य. एका पत्रकाराने वाक्यं नीट वाचली, म्हणून हे झालं.

जव्हार : आदिवासी राजा कुणी ऐकलाय?

घाट चढून जव्हारला पोचलो की हवा बदलते. हनुमान पॉइंटवरून दरी, दाभोसाचा धबधबा, शिरपामाळ. सुरतेवर जाताना शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे इथे भेटले, असं सांगतात. आणि मग डौलदार ‘जय विलास’ राजवाडा. मुकणे घराण्याची ही राजधानी, १३४३ पासूनची असं मानलं जातं. हिंदी सिनेमावाल्यांनाही या राजवाड्याचं आकर्षण.

हे मुकणे राजे महादेव कोळी समाजाचे. म्हणजे आज ज्या समाजाचं नाव अनुसूचित जमातींच्या यादीत आहे, त्या समाजाचे राजे. सहाशे वर्षं! पण कुठल्याही ब्रोशरमध्ये ‘आदिवासी राजा’ असे दोन शब्द एकत्र सापडणार नाहीत. राजा असला की तो नुसता ‘राजा’. पण वीटभट्टीवर राबणारा मजूर ‘आदिवासी मजूर’. कुपोषणाने दगावलेलं मूल ‘आदिवासी बालक’. राजवाड्यापाशी शब्द गळून पडतो आणि भट्टीपाशी पुन्हा चिकटतो. १९९२ मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली आणि जव्हार देशभर बातम्यांत आलं. ती बातमी व्हायलाच हवी होती. पण त्यानंतर जव्हारचा दुसरा परिचयच उरला नाही, त्याचं काय?

मुक्काम जव्हारजवळच्या एका घरी होता. घर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका वारली शिक्षिकेचं. सगळा पाडा त्यांना ‘बाई’ म्हणतो, म्हणून मीही. रात्री नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि शेवळाची भाजी. चुलीवरची नाही, गॅसवरची! ‘‘पाहुणे विचारतात, चूल कुठेय? फोटो काढायचा असतो,’’ बाई हसत म्हणाल्या. ‘‘चूल पेटवते मी. पण धूर माझ्या डोळ्यांत जातो ना.’’

जेवण झाल्यावर बाईंनी सासऱ्यांच्या जमिनीची फाइल दाखवली. या भागात जंगलखात्याकडून वर्षाच्या बोलीवर कसायला मिळालेल्या तुकड्याला ‘एकसाली प्लॉट’ म्हणतात. वर्षं गेली, पिढ्या गेल्या, पण तुकडा कागदावर त्यांचा नव्हता. नोटिशीत एक शब्द पुन्हा पुन्हा : ‘अतिक्रमणदार’. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या प्रास्ताविकातच आदिवासी आणि वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं मान्य केलंय. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवलं, की दावा करता येतो. तीच जमीन, तीच माणसं, तोच नांगर. आधी ‘अतिक्रमणदार’, आता ‘दावेदार’. सासरे जिवंत असताना पहिला शब्द आला. दुसरा आला तेव्हा ते नव्हते.

‘‘तुम्ही लोक लिहिताना विचारता, आदिवासी म्हणू की काय म्हणू,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आदिवासी म्हणा, आम्हीच म्हणतो. पण हे अतिक्रमण वगैरे लिहिताना विचारत नाही कुणी.’’

फोटोखालची ओळ

फाइलच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जुनं मासिक होतं. मधल्या पानावर पूर्ण पानभर फोटो : सुरकुतलेला चेहरा, गळ्यात मण्यांच्या माळा, डोळ्यांत उन्हाची तिरीप. सुंदर फोटो. खाली ओळ : ‘निरागस हास्य... एक आदिवासी वृद्धा’.

त्या बाईंच्या आई. आसपासच्या तीन पाड्यांच्या सुईण. शे-दोनशे बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली; जव्हारच्या दवाखान्यातले डॉक्टर त्यांना नावाने ओळखायचे. फोटो काढणाऱ्यांनी नाव विचारलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. छापलं नाही.

‘‘आईला वाचता येत नव्हतं. पण पाड्यातल्या पोरांना येतं ना. पोरं विचारायला लागली, आजी, तुझं नाव कुठेय?’’ बाई थांबल्या. ‘‘मागच्या वर्षी आई गेली. छापलेला तिचा हा एकच फोटो.’’

मी विचारलं, या लेखात आईंचं नाव देऊ का? बाईंनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, ‘‘नको. माझी नोकरी सरकारी, जमिनीचा दावा अजून चालू आहे. नाव नको. पण तिला वृद्धा लिहू नका. सुईण होती, सुईण लिहा.’’

म्हणून या लेखात नाव नाही. तिथेही नव्हतं, इथेही नाही. पण तिथे कुणी छापलं नाही आणि इथे त्यांनी नको म्हटलं.

बाईंची मुलगी मुंबईत आयटीत आहे, गोरेगावला पीजी म्हणून राहते. असे अंक ती लोकलमध्ये वाचते. हे ऐकल्यावर माझ्या लेखातल्या ‘आपण’ या शब्दाकडेच बघावंसं वाटलं. ‘आपण’ वीकेण्डला ‘त्यांच्या’कडे जातो, असं ट्रॅव्हलच्या पानांवर गृहीतच धरलेलं असतं. पण वाचणाऱ्यांत ‘ते’ही आहेत. ही मुलगी दर महिन्याला जव्हारला जाते. तिच्यासाठी ते डेस्टिनेशन नाही, घर आहे. आणि मुंबईला तरी कुठे जायला हवं? राष्ट्रीय उद्यानात आणि आरेत आजही पाडे आहेत. मेट्रोतून उतरून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर. शहर त्यांच्याकडे आलं, ते शहरात आले नाहीत.

तेव्हा डायरीच्या मागच्या पानाचा हिशेब इतकाच : बरोबर शब्दांची यादी पाठ करून भागणार नाही, कारण ती यादी बदलत राहते. आपल्या बॉसबद्दल लिहिताना आपण न सांगता जे करतो, तेच इथे करायचं. पूर्ण नाव, आडनाव, काम काय करतात ते, आणि वाक्याच्या शेवटी ‘म्हणाले’.

जाणार असाल तर...

कसं जाल? मुंबईहून डहाणू रोडपर्यंत लोकल. तिथून गंजाड, कासा, तलवाडा, विक्रमगडमार्गे जव्हार. एसटी मिळते. नाशिककरांसाठी त्र्यंबकेश्वरमार्गे रस्ता आहे.

कधी जाल? पावसाळा आणि त्यानंतरची थंडी बेस्ट. बोहाड्याचे मुखवटे बघायचे असतील तर उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याकडे चौकशी करा. तो देवाचा उत्सव आहे, शो नाही. पाहुणा म्हणून जा.

काय घ्याल? वारली चित्र थेट चित्रकारांकडून. मागे नाव आणि गाव लिहून मागा, सहीसकट. घरी भिंतीवर लावल्यावर कुणी विचारलं, तर ‘वारली पेंटिंग’ म्हणून थांबू नका, ते नाव सांगा.

काय टाळाल? ‘भोळे’, ‘निरागस’, ‘आदिम’, ‘रानटी’, ‘मुख्य प्रवाहापासून दूर’. मित्राला चिडवायला ‘काय आदिवासीसारखा करतोस’ म्हणणं तर सोडाच सोडा.

फोटो काढाल? आधी विचारा. नाव द्यायचं की नाही, तेही विचारा. छापून आलं नाहीतर कुठे टाकलं, की त्यांना पाठवा. पाड्यावर नेटवर्क एक-दोन कांड्यांचं असतं, पण मेसेज पोचतो.